जिवाणू आपला डीएनए कसा उतरवून घेतो

एशेरिकिया कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीचा असतो. त्याच्या आत घड्या घालून बसलेला डीएनएचा रेणू उलगडून सरळ केला, तर तो सुमारे १.६ मिलिमीटर भरतो, म्हणजे पेशीच्या लांबीच्या जवळजवळ आठशेपट. हा रेणू वर्तुळाकार असल्यामुळे त्याला टोके नाहीत, आणि त्यात सुमारे ४६ लाख ४० हजार बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांना जोडणाऱ्या घटकांच्या जोड्या, आहेत. भरपूर अन्न आणि ३७ अंश सेल्सिअस तापमान मिळाले की हा जिवाणू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, आणि दोन्ही पेशींना पूर्ण डीएनए मिळायचा तर त्या ४६ लाख जोड्या दर पिढीला एकदा उतरवून घ्याव्याच लागतात. डीएनएच्या प्रतिकृतीविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्याचा पाया बहुतांशी याच जिवाणूवरील प्रयोगांनी घातला आहे. म्हणून येथेही त्याचेच उदाहरण घेतले आहे.

बारावीला जीवशास्त्र शिकलेल्या माणसाच्या लक्षात या विषयातून बहुधा विकरांची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांची, एक यादी राहिलेली असते: हेलिकेज, प्रायमेज, पॉलिमरेज, लायगेज. यादी पाठ होते, परंतु इतकी विकरे मुळात लागतातच कशाला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. माझ्या मते हा विषय यादीकडून नव्हे, तर अडचणींकडून समजून घ्यायला हवा. नवा डीएनए जोडणाऱ्या मुख्य विकराला, म्हणजे डीएनए पॉलिमरेजला, दोन गोष्टी मुळीच करता येत नाहीत, आणि त्या दोन गोष्टी एकदा नीट ध्यानात आल्या की बाकीची सारी यंत्रणा त्यांतून आपोआप उलगडत जाते.

त्यासाठी आधी रेणूची रचना थोडक्यात पाहू. डीएनएमध्ये दोन धागे एकमेकांभोवती वेढे घेऊन असतात. प्रत्येक धागा न्यूक्लिओटाइड नावाच्या घटकांचा बनलेला असून प्रत्येक घटकात एक साखर, एक फॉस्फेट आणि अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन या चारांपैकी एक बेस असतो. समोरासमोरच्या धाग्यांवर अ‍ॅडेनिनपुढे थायमिन आणि ग्वानिनपुढे सायटोसिन अशाच जोड्या बसतात, त्यामुळे एका धाग्यावरील क्रम कळला की दुसऱ्याचा क्रम ठरलेलाच असतो. धाग्याला दिशाही असते. त्याचे एक टोक साखरेतील पाचव्या क्रमांकाच्या कार्बनवर संपते, त्याला ५ प्राइम टोक म्हणतात. दुसरे तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर संपते, ते ३ प्राइम टोक. दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी मांडलेले असतात, म्हणजे एकाचे ५ प्राइम टोक जिकडे, तिकडेच दुसऱ्याचे ३ प्राइम टोक. ही शेवटची बाब रुक्ष वाटली तरी वाचकाने ती सोडून देऊ नये, कारण पुढची बहुतेक गुंतागुंत तिच्यातूनच उद्भवते.

जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये ही रचना मांडली, तेव्हाच जोड्यांच्या नियमात प्रतिकृतीची रीत दडलेली असावी असे त्यांनी सुचवले होते. दोन धागे विलग करावेत आणि प्रत्येकासमोर नवा जोडीदार धागा रचावा, ही कल्पना आकर्षक असली तरी ती खरी आहे हे दाखवावे लागणार होते. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँक्लिन स्टाल यांनी १९५८ मध्ये ते दाखवले. त्यांनी जिवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजन असलेल्या अन्नावर वाढवले, मग त्यांना साध्या नायट्रोजनच्या अन्नात घातले आणि प्रत्येक पिढीचा डीएनए वेगळा काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवून त्याची घनता पाहिली. पहिल्या पिढीनंतर सगळा डीएनए बरोबर मधल्या घनतेचा निघाला. दुसऱ्या पिढीनंतर अर्धा मधला आणि अर्धा हलका. प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो, याखेरीज या निष्कर्षाचा सरळ अर्थ लागत नाही.

नवा धागा रचणारे विकर आर्थर कोर्नबर्ग यांनी सेंट लुईस येथे १९५०च्या दशकाच्या मध्यास याच जिवाणूतून वेगळे केले, आणि १९५९ मध्ये त्यांना सेव्हेरो ओचोआ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे विकर सेकंदाला दहा-वीस न्यूक्लिओटाइडच जोडत होते, आणि इतक्या संथ गतीने वीस मिनिटांत पेशी दुप्पट होणे शक्य नव्हते. पॉला डी लुसिया आणि जॉन केर्न्स यांनी १९६९ मध्ये हजारो उत्परिवर्तित वसाहती तपासून एक असा जिवाणू शोधला, ज्यात कोर्नबर्ग यांचे विकर जवळपास नाहीसे झाले होते, आणि तरीही तो सुखेनैव वाढत होता. म्हणजे मुख्य काम करणारे विकर दुसरेच असले पाहिजे. ते शोधणाऱ्यांमध्ये आर्थर कोर्नबर्ग यांचे चिरंजीव टॉमस कोर्नबर्ग होते. माल्कम गेफ्टर यांच्यासह त्यांनी दुसरे व तिसरे पॉलिमरेज हुडकून काढले. आज आपण जाणतो की प्रतिकृतीचा भार पॉलिमरेज तीनवर असतो, आणि पहिले पॉलिमरेज दुरुस्ती व साफसफाईचे, तेवढेच आवश्यक, काम करते.

आता त्या दोन मर्यादा. पहिली अशी की कोणतेही डीएनए पॉलिमरेज रिकाम्या जागेतून नवा धागा सुरू करू शकत नाही. आधीपासून जोडलेल्या एखाद्या तुकड्याच्या टोकाला ते पुढचा घटक लावू शकते, पण पहिला घटक ठेवू शकत नाही. दुसरी अशी की ते नवा घटक फक्त ३ प्राइम टोकाला लावते, त्यामुळे नवा धागा नेहमी ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे, अशा एकाच दिशेने वाढतो.

ही एकदिशता निसर्गाची लहर नाही. जोडला जाणारा प्रत्येक न्यूक्लिओटाइड आपल्यासोबत तीन फॉस्फेटांची साखळी घेऊन येतो, आणि त्यांपैकी दोन तुटताना जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर जोडणी होते. म्हणजे जोडणीची ऊर्जा येणाऱ्या घटकाजवळ असते, वाढणाऱ्या धाग्याजवळ नाही. समजा, चुकीचा घटक लागला. पॉलिमरेज तीनमध्येच चूक कापून काढणारा एक भाग आहे; तो शेवटचा घटक काढून टाकतो, धाग्याचे टोक पुन्हा मोकळे होते, आणि पुढचा योग्य घटक आपली ऊर्जा घेऊन येऊन जोडला जातो. धागा उलट दिशेने वाढत असता तर ऊर्जा देणारी फॉस्फेटे धाग्याच्याच टोकावर राहिली असती. चुकीचा घटक काढताच ती निघून गेली असती, आणि वाढ तिथेच खुंटली असती. म्हणून एका दिशेचे बंधन ही चुका सुधारण्याच्या क्षमतेची किंमत आहे. मला या साऱ्या विषयात याहून समाधान देणारे दुसरे स्पष्टीकरण माहीत नाही, आणि शालेय पुस्तकांत ते सहसा येत नाही याची खंत वाटते.

प्रतिकृतीला वर्तुळावर एका ठरावीक जागीच सुरुवात होते. ही आरंभजागा सुमारे २४५ बेसजोड्यांची आहे. तिच्यात डीएनए-ए नावाचे प्रथिन बसण्याच्या जागा आहेत, आणि त्यांच्या बाजूलाच अ‍ॅडेनिन-थायमिनच्या जोड्या दाटीने असलेला पट्टा आहे. या जोडीत दोन हायड्रोजन बंध असतात तर ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीत तीन. शेजारच्या जोड्यांमधील पकडही अशा पट्ट्यात सैल असते, त्यामुळे तिथे धागे विलग करणे सोपे जाते. एटीपी हा ऊर्जावाहक रेणू धरून असलेली डीएनए-ए प्रथिने पुरेशा संख्येने गोळा झाली की तो पट्टा उघडतो, उघड्या धाग्यांवर हेलिकेज या धागे विलग करत जाणाऱ्या विकराची दोन कडी चढवली जातात, आणि एक उजवीकडे व एक डावीकडे निघते. धागे जिथे विलग होत असतात त्या जागेला प्रतिकृतीचा फाटा म्हणतात. केर्न्स यांनी १९६३ मध्ये किरणोत्सारी थायमिडीन (थायमिन असलेला डीएनएचा घटक) वापरून वर्तुळाकार रेणूचे फिल्मवर उमटवलेले चित्र प्रसिद्धच आहे, पण त्यांना वाढ एकाच फाट्यावर होत असावी असे वाटले होते. फाटे दोन असून ते विरुद्ध दिशांनी जातात हे पुढच्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाले.

प्रत्येक फाटा सेकंदाला सुमारे एक हजार बेसजोड्या पार करतो. अर्ध्या वर्तुळाच्या सुमारे २३ लाख २० हजार जोड्या या वेगाने पार करायला चाळीसएक मिनिटे लागतात. डीएनएचा एक वेढा साधारण साडेदहा जोड्यांचा असतो, त्यामुळे फाट्याला दर सेकंदाला जवळजवळ ९५ वेढे सोडवावे लागतात. सुंभाच्या दोरीचे दोन पदर मधूनच बोटांनी विलग करत पुढे नेले तर पुढच्या भागाला पीळ चढत जातो आणि शेवटी दोरी गाठी घालू लागते. डीएनएचेही तसेच होते, आणि वर्तुळाला टोक नसल्यामुळे तो पीळ निसटून जायला वाटच नसते. हा पीळ उतरवण्याचे काम जायरेज करते. ते डीएनएचे दोन्ही धागे एका ठिकाणी कापते, त्या कापातून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे नेते आणि काप पुन्हा सांधते. मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या विकराचा शोध लावला. विलग झालेले एकेरी धागे पुन्हा जुळू नयेत किंवा स्वतःवरच दुमडू नयेत म्हणून एक वेगळे प्रथिन त्यांना झाकून ठेवते.

पॉलिमरेजला सुरुवात करता येत नाही, ही अडचण प्रायमेज सोडवते. ते उघड्या धाग्यावर दहा-बारा न्यूक्लिओटाइडांचा एक छोटा तुकडा रचते, आणि त्याच्या ३ प्राइम टोकापासून पॉलिमरेज पुढे जाते. हा तुकडा डीएनएचा नसून आरएनए या त्याच्यासारख्याच पण निराळ्या रेणूचा असतो, आणि त्यामागेही चुकांचाच विचार दिसतो. शून्यातून सुरुवात करणाऱ्या विकराजवळ तपासून पाहायला मागचा भागच नसतो, त्यामुळे सुरुवातीच्या अक्षरांत, म्हणजे बेसांत, चुका होण्याचा धोका मोठा असतो. तो भाग आरएनएचा असल्यामुळे नंतर निराळा ओळखता येतो, काढून टाकता येतो आणि त्या जागी काळजीपूर्वक डीएनए भरता येतो.

दुसऱ्या मर्यादेचा परिणाम अधिक दूरगामी आहे. फाट्यापाशी दोन जुने धागे विरुद्ध दिशांनी मांडलेले असतात, पण नवे दोन्ही धागे एकाच रासायनिक दिशेने वाढायला हवेत. त्यामुळे एका जुन्या धाग्यासमोर पॉलिमरेज फाट्याच्या मागोमाग सलग चालत जाऊ शकते. दुसऱ्यासमोर मात्र त्याला फाट्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने काम करावे लागते. तिथे थोडा धागा उघडला की एक तुकडा रचायचा, आणखी उघडला की फाट्याजवळ नवी सुरुवात करून दुसरा तुकडा रचायचा, असेच करता येते. नागोया विद्यापीठातील रेइजी ओकाझाकी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६८ मध्ये हे दाखवून दिले. त्यांनी जिवाणूंना काही सेकंदांपुरतेच किरणोत्सारी थायमिडीन दिले, आणि नुकताच बनलेला डीएनए पाहिला तर तो आखूड तुकड्यांत सापडला. थोडा वेळ जाऊ दिला की तेच तुकडे लांब धाग्यात सामावून जात. जिवाणूत हे तुकडे साधारण एक ते दोन हजार न्यूक्लिओटाइडांचे असतात. रेइजी ओकाझाकी हिरोशिमाचे होते. किशोरवयात ते अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गाच्या कक्षेत आले होते, आणि १९७५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्सुनेको ओकाझाकी यांनी ते काम पुढे नेले. तुकड्यांना आजही या दोघांच्या आडनावानेच ओळखतात.

तुकड्यांच्या आकारावरून हिशेब केला तर एका प्रतिकृतीत दोन्ही फाटे मिळून असे दोन ते साडेचार हजार तुकडे बनतात, म्हणजे प्रत्येक फाट्यावर दर एक-दोन सेकंदांना एक नवी सुरुवात. पहिले पॉलिमरेज प्रत्येक तुकड्याच्या आरंभीचा आरएनए काढून तिथे डीएनए भरते, आणि उरलेली खाच लायगेज सांधते. सलग आणि तुटक असे दोन्ही धागे रचणारी पॉलिमरेजे एकाच प्रथिनसमूहात जोडलेली असतात. तुटक बाजूचा जुना धागा फाट्यापाशी फासासारखा वळून येतो, त्यामुळे रासायनिक दिशा विरुद्ध असूनही दोन्ही पॉलिमरेजे फाट्यासोबत एकत्र पुढे सरकू शकतात. पॉलिमरेज तीन स्वतःहून डीएनएला फार वेळ धरून राहत नाही. त्याला कड्याच्या आकाराचे एक प्रथिन डीएनएवर टिकवून ठेवते. ते कडे डीएनएभोवती बंद होते आणि त्यावरून घसरत जाते, आणि त्याच्यामुळेच सेकंदाला हजाराचा वेग शक्य होतो.

आता सुरुवातीला सांगितलेल्या आकड्यांकडे वळू, कारण त्यांत एक विसंगती आहे आणि चौकस वाचकाच्या ती ध्यानात आली असेल. प्रतिकृतीला चाळीस मिनिटे लागतात, त्यानंतर पेशी विभागायला आणखी वीस मिनिटे जातात, आणि तरीही पेशी वीस मिनिटांत दुप्पट होते. स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये याचे उत्तर दिले. जिवाणू पहिली प्रतिकृती संपण्याची वाट पाहत नाही. ती अर्धी झालेली असतानाच दोन्ही नव्या आरंभजागांवरून पुढची प्रतिकृती सुरू करतो. जलद वाढणाऱ्या पेशीत एकाच रेणूवर एकात एक गुंतलेले अनेक फाटे एकाच वेळी चालत असतात. एखादी पेशी जन्मताच जी प्रतिकृती सुरू करते, ती साठ मिनिटांनी, म्हणजे तिच्या नातींच्या विभाजनाच्या वेळी, उपयोगी पडते. वेग वाढवणे शक्य नसताना काम आधीपासून सुरू करून वेळ साधण्याची ही रीत आहे.

पण मग आरंभावर कडक नियंत्रण हवे, कारण एकच आरंभजागा लागोपाठ दोनदा पेटली तर पेशीचा हिशेब बिघडेल. यासाठी जिवाणू मिथाइल गटाची खूण वापरतो. ग्वानिन-अ‍ॅडेनिन-थायमिन-सायटोसिन हा क्रम जिथे येतो तिथल्या अ‍ॅडेनिनला मिथाइल गट लावला जातो. नव्या धाग्यावर मात्र तो लागायला थोडा वेळ जातो. आरंभजागेत हा क्रम वारंवार येतो. तिथे एक धागा खूण असलेला आणि दुसरा बिनखुणेचा अशी स्थिती असेपर्यंत एक प्रथिन त्यावर बसून राहते आणि डीएनए-एला जवळ येऊ देत नाही. शिवाय फाटे चालू झाल्यावर डीएनए-एला चिकटलेल्या एटीपीचे विघटन होते आणि ते काही काळ निष्क्रिय बनते.

हीच खूण चुका दुरुस्त करतानाही उपयोगी पडते. पॉलिमरेजची स्वतःची तपासणी धरून साधारण एक कोटी अक्षरांमागे एक चूक राहते. ती पकडण्यासाठी वेगळी प्रथिने धाग्यांवरून फिरतात. विजोड बेस दिसला की बिनखुणेचा धागा नवा, म्हणजे चूक त्याच्यावर, असे ओळखून त्या धाग्याचा तेवढा भाग कापून पुन्हा रचतात. या यंत्रणेवरील कामासाठी पॉल मॉड्रिच यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. तिच्यामुळे चुका आणखी शेकडो पटींनी घटतात. शेवटी शंभर कोटी ते हजार कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते, म्हणजे काही शे ते दोनएक हजार विभाजनांमागे एक.

दोन्ही फाटे वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला येऊन भेटतात. तिथे काही ठरावीक क्रमांवर बसलेले प्रथिन फाट्याला एका बाजूने आत येऊ देते पण दुसऱ्या बाजूने बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे एक फाटा लवकर पोहोचला तरी तो दुसऱ्याच्या हद्दीत फार पुढे जात नाही. तयार झालेली दोन वर्तुळे साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. टोपोआयसोमरेज चार नावाचे जायरेजच्याच कुळातील विकर एक वर्तुळ कापून दुसरे त्यातून बाहेर काढते, आणि मगच पेशीच्या मध्यावर भिंत पूर्ण होऊ शकते.

जायरेज हा औषधांच्या दृष्टीने या यंत्रणेचा सर्वात महत्त्वाचा भाग ठरला. नॅलिडिक्सिक आम्ल हे जिवाणूंविरुद्धचे औषध १९६२ मध्येच हाती आले होते, जायरेजचा शोध लागण्याच्या चौदा वर्षे आधी. त्याच्यापासून पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधे विकसित झाली. जायरेजने डीएनए कापल्यावर ही औषधे नेमकी त्या कापापाशी बसतात आणि तो सांधू देत नाहीत; धावता फाटा तिथे येऊन अडतो, डीएनए तुटतो आणि जिवाणू मरतो. मानवी पेशींतील समकक्ष विकराची रचना पुरेशी वेगळी असल्यामुळे उपचाराच्या मात्रेत ते बाधित होत नाही. परंतु रात्रभर वाढवलेल्या द्रवात एका मिलिलिटरमध्येच शंभर कोटींहून अधिक जिवाणू असतात, आणि प्रतिकृती कितीही अचूक असली तरी एवढ्या संख्येत दर पिढीला लाखो नव्या चुका होतात. त्यांपैकी एखादी जायरेजच्या जनुकात योग्य जागी पडली की औषध तिथे बसत नाही, आणि औषध सुरू असताना तोच जिवाणू टिकून वाढतो.

क्षयरोगाच्या जिवाणूत ही गोष्ट अधिकच ठळक होते. त्याचा डीएनए सुमारे ४४ लाख बेसजोड्यांचा आहे, पण त्याला दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. त्याच्याजवळ टोपोआयसोमरेज चार नाही, त्यामुळे पीळ उतरवणे आणि अडकलेली वर्तुळे सोडवणे ही दोन्ही कामे एकट्या जायरेजवर येतात, आणि औषधाला एकच, पण अत्यंत मोलाचे लक्ष्य मिळते. बहुऔषधरोधी क्षयरोगासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये मान्य केलेल्या सहा महिन्यांच्या उपचारात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड यांच्यासोबत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आहे. मुंबईसारख्या शहरात, जिथे औषधरोधी क्षयरोगाचे प्रमाण मोठे आहे, रुग्णाच्या थुंकीतील जिवाणूचे जायरेजचे जनुक तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. प्रयोगशाळेतील लाइन प्रोब चाचणी त्या जनुकाच्या ९०व्या आणि ९४व्या स्थानाच्या आसपासचा क्रम बदलला आहे का ते पाहते, आणि बदल आढळल्यास त्या रुग्णासाठी मॉक्सिफ्लॉक्सॅसिनवर विसंबता येणार नाही हे उपचार ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांना कळते.